दर दोन तासांनी कूस: रुग्णासाठी की तक्त्यासाठी?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून घोकवलं जातं. पुढे तेच वॉर्डातल्या टर्निंग चार्टवर छापलेलं असतं, डिस्चार्ज कार्डावर डॉक्टर लिहून देतात, ब्युरोकडून मावशी आली की घरची मंडळी तिला पहिल्याच दिवशी बजावतात. जोडीला पाठ चोळणं, स्पिरिट, पावडर आणि एअर बेड असतोच. एवढं करूनही माकडहाडावरची कातडी काळवंडली, तर निकाल आधीच लागलेला असतो: सिस्टरनी लक्ष दिलं नाही.

या एका नियमात तीन दावे दडलेले आहेत. दोन तास ही मुदत शास्त्राने ठरवली आहे, हा पहिला. ती पाळली की काम भागतं, हा दुसरा. आणि तरीही बेडसोअर झाला तर तो हलगर्जीपणाचा पुरावा, हा तिसरा. हे दावे आपल्या रुग्णालयांत इतके मुरले आहेत की त्यांबद्दल शंका काढणारी परिचारिका कामचुकार ठरते. मला वाटतं, यातला एकही दावा आज टिकत नाही, आणि तो कवटाळून बसण्याची किंमत रुग्णही मोजतो, परिचारिकाही मोजते.

कूस बदलूच नये, असं मी म्हणत नाही. जे शरीर स्वतः हलू शकत नाही त्याच्यावरचा दाब दुसऱ्या कुणीतरी हलवावाच लागतो. आक्षेप आहे तो रुग्णाच्या अंगाकडे न बघता घड्याळाकडे बघण्याला.

आधी ही मुदत कुठून आली ते पाहू. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे मज्जातंतुतज्ज्ञ शार्को यांचं मत होतं की लुळ्या पडलेल्या रुग्णाच्या पाठीवरची जखम मज्जासंस्थेच्या बिघाडातूनच येते. म्हणजे ती अटळ. त्याच्या आधीच ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दाब आणि ओल टाळली तर लुळ्या अंगावरही व्रण होत नाहीत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही नर्सिंगवरच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात शय्याव्रणाचं खापर रोगापेक्षा शुश्रूषेवर फोडलं. शार्कोंच्या हताशपणापुढे ही भूमिका मोलाची होती. जखम टाळता येते, हे तिने सांगितलं. पण त्यातूनच पुढे जखम झाली म्हणजे शुश्रूषा करणारी चुकली, हे उलटं समीकरण रूढ झालं.

दोन तासांना खरं वजन आलं ते दुसऱ्या महायुद्धात. नाझी जर्मनीतून १९३९ साली इंग्लंडला आलेले लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडेविल इथे पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. तोवर असे जवान बहुधा शय्याव्रण आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने मरत. गुटमान यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलण्याचा दंडक घातला आणि ही माणसं जगू लागली. याच रुग्णालयाच्या आवारात १९४८ साली भरवलेल्या खेळांतून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं आणि १९७२ च्या हायडेलबर्गच्या स्पर्धेत आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. गुटमान यांचं ऋण मोठं आहे. पण त्यांचा नियम कुणासाठी होता? कमरेखाली संवेदना गेलेल्या तरुण सैनिकांसाठी, त्या काळच्या गाद्यांवर, एका शिस्तबद्ध विशेष विभागात. तोच नियम आज खुब्याचं हाड मोडलेल्या, संवेदना शाबूत असलेल्या, प्रत्येक हालचालीला कळवळणाऱ्या आजीबाईंना जसाच्या तसा लावला जातो.

प्रयोगशाळेचा आधार म्हणून मायकेल कोसियाक यांच्या १९५९ ते १९६१ च्या प्राण्यांवरील प्रयोगांचा दाखला दिला जातो. सुमारे ७० मिलिमीटर पारा इतका दाब सलग दोन तास राहिला तर ऊतींमध्ये बिघाड दिसू लागतो, हा त्यातला सर्वांत गाजलेला निष्कर्ष. पण त्याच कामाचा गाभा वेगळा आहे: दाब जितका जास्त, तितका इजेला लागणारा वेळ कमी; दाब कमी, तर वेळ जास्त. म्हणजे मुदत ठरते ती दाबावरून, आणि दाब ठरतो गादी, वजन, हाडांची ठेवण, अंगावरचं मांस यांवरून. कोसियाक यांचा आलेख नीट वाचला तर ‘सगळ्यांना दोन तास’ हे वाक्य त्यातून निघूच शकत नाही.

माणसांवर हा नियम तपासला गेला तो फार उशिरा. बेल्जियममध्ये डेफ्लोर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली नर्सिंग होममधल्या वृद्धांचे गट करून वेगवेगळ्या मुदती आणि वेगवेगळ्या गाद्या वापरून पाहिल्या. साध्या गादीवर दर दोन तासांनी वळवलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांची कातडी फाटली. दाब पसरवणाऱ्या फोमच्या गादीवर दर चार तासांनी वळवलेल्यांत हे प्रमाण ३ टक्के होतं. निम्म्या वेळा वळवूनही जखमा कितीतरी कमी, कारण खालची गादी बदलली होती. अमेरिका आणि कॅनडातल्या २०१३ च्या ‘टर्न’ अभ्यासात चांगल्या फोमवर झोपणाऱ्या ९४२ वृद्धांना दोन, तीन किंवा चार तासांची मुदत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून दिली. तिन्ही गटांत लक्षणीय फरक सापडला नाही; एकूण जखमांचं प्रमाण होतं सुमारे २ टक्के. आयर्लंडमध्ये मूर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वेगळीच गोष्ट तपासली: रात्री रुग्णाला पूर्ण आडव्या कुशीवर न टाकता दर तीन तासांनी जेमतेम ३० अंश कलतं ठेवायचं. जखमा ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आल्या.

या अभ्यासांवरूनही उड्या मारायचं कारण नाही. ‘टर्न’मध्ये धोका मध्यम किंवा जास्त असलेले लोक होते, अत्यंत जर्जर रुग्ण नव्हते. आयर्लंडच्या अभ्यासात कोन आणि वेळ दोन्ही एकदम बदलले होते. कॉक्रेनच्या समीक्षेनेही या सगळ्या पुराव्याला कमकुवतच म्हटलं आहे. पण मग कमकुवत पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच लागू व्हायला हवा. चार तासांचा पुरावा अपुरा म्हणून दोन तास आपोआप सिद्ध होत नाहीत. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही २०१९ मध्ये सरसकट मुदत न देता रुग्णाची हालचाल, त्वचा, प्रकृती आणि गादी पाहून प्रत्येकाची वेळ वेगळी ठरवायला सांगितलं आहे.

दुसरा दावा ‘एवढं केलं की पुरे’ हा. इथे खरी हानी होते, कारण घड्याळ बघणाऱ्याचं बाकीच्या गोष्टींकडे दुर्लक्ष होतं. व्रण पुष्कळदा हाडालगतच्या मऊ ऊतींत, आतून सुरू होतो. कातडीवर डाग दिसेपर्यंत आत नासधूस झालेली असते. रक्तपुरवठा तुटणं हे एक कारण, पण ऊती ताणल्या-पिळल्या गेल्यानेही पेशी मरतात, आणि दाब पुरेसा असेल तर त्याला दोन तास लागत नाहीत. खाटेची डोक्याकडची बाजू उंच केली की रुग्ण हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते आणि हाड आत सरकतं. हे घसरणं कुठल्या रकान्यात मांडायचं? वेळेवर कूस बदलली आणि बगलेत हात घालून फरफटत वर ओढलं, तर तक्ता पूर्ण आणि पाठ सोललेली. वेळेवर वळवलं पण थेट खुब्याच्या हाडावर, तर सगळा भार त्या एका उंचवट्यावर. वेळेवर वळवलं पण डायपर तासन्‌तास ओला, तरी तक्त्यात बरोबरचीच खूण.

त्यात वारशाने आलेल्या रीती. पाठ चोळल्याने रक्ताभिसरण वाढतं म्हणून पाठ जोरजोरात चोळणं अजूनही प्रात्यक्षिकांत दाखवलं जातं. आधीच दबलेल्या, लाल झालेल्या जागी चोळलं तर नाजूक ऊती आणखी तुटतात. म्हणून ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शनात व्रण टाळण्यासाठी मालिश करू नका, असं स्पष्ट सांगितलं. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, तिच्यातलं नैसर्गिक तेल जातं. पावडर घामात भिजून घड्यांमध्ये गुठळ्या करून बसते आणि तीच घासते. रबरी रिंगमध्ये मधला भाग मोकळा राहतो खरा, पण कडेच्या वर्तुळावर दाब एकवटतो आणि मधल्या भागाचा रक्तप्रवाह अडतो. टाचेखाली पाण्याने भरलेला हातमोजा ठेवण्याची युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. एवढ्याशा पिशवीवर टाचेचा भार पसरतच नाही. पोटरीखाली लांब उशी देऊन टाच अधांतरी ठेवणं सोपं आणि अधिक उपयोगाचं. खाटेवर चादर, तिच्यावर मॅकिंटॉश म्हणजे रबरी कापड, त्यावर ड्रॉशीट, वर घडी घातलेलं जुनं धोतर, असे थर चढवले की खालची गादी कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग संपला. वर उन्हाळ्यात रबरामुळे साचणारा घाम वेगळाच.

एअर बेडची गोष्टही अशीच. सर्जिकलच्या दुकानातून पंपासकट गादी आणली की घरच्यांना वाटतं, आता काळजी मिटली. ब्रिटनमध्ये ‘प्रेशर २’ या अभ्यासात दोन हजारांहून अधिक रुग्णांना आलटून-पालटून हवा भरणाऱ्या गाद्या आणि चांगल्या प्रतीच्या फोमच्या गाद्या देऊन तुलना केली. जखमांचं प्रमाण ६.९ आणि ८.९ टक्के निघालं. ३० दिवसांनंतरचा हा फरक ठामपणे काही सांगण्याइतका नव्हता. एअर बेड टाकाऊ आहे असं नाही. पण साधा दर्जेदार फोम त्याच्या जवळपास जातो, वीज गेली तर सपाट होत नाही आणि त्याला पंपही लागत नाही, हे दुकानदार सांगत नाही.

धोका मोजणाऱ्या गुणपत्रिकांबद्दलही श्रद्धा थोडी कमी करायला हरकत नाही. १९६२ चं नॉर्टन, १९८५ चं वॉटरलो, १९८७ चं ब्रेडन: तिन्ही परिचारिकांच्या अभ्यासातून आलेली साधनं आहेत आणि कुठे काय बघायचं हे शिकवायला उत्तम आहेत. पण ऑस्ट्रेलियात वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली १,२३१ रुग्णांवर केलेल्या तुलनेत गुणपत्रिका वापरणं आणि परिचारिकेने स्वतःच्या अनुभवाने धोका ओळखणं, यांत जखमांच्या प्रमाणाचा फरक आढळला नाही. म्हणजे बघणारा डोळा कागदाइतकाच भरवशाचा ठरला. आपल्याकडे तर त्या डोळ्याला वेगळं शिक्षण हवं. पुस्तकांत व्रणाच्या पहिल्या पायरीची खूण म्हणजे लालसरपणा, बोट दाबल्यावर न जाणारा. सावळ्या आणि काळ्या कातडीवर तो लाल दिसतच नाही. तिथे आसपासच्या भागाशी ताडून बघावं लागतं: जागा जास्त गरम आहे की थंड, कडक आहे की लिबलिबीत, रंग जांभळट झाला आहे का, हात लावल्यावर रुग्ण कळवळतो का. आपल्या बहुसंख्य रुग्णांची कातडी अशी असताना शिकवणी गोऱ्या कातडीच्या चित्रांवरून होते.

आता विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ. अनुभवी इनचार्ज सिस्टर म्हणतात, “नियम कडक आहे म्हणून निदान काहीतरी होतं. ‘रुग्ण बघून ठरवा’ म्हटलं की कुणी काहीच करणार नाही.” हे वॉर्ड चालवलेल्या बाईचं म्हणणं आहे, ते झटकून टाकता येत नाही. पण साधा हिशेब करू. समजा, वॉर्डात स्वतः न हलणारे दहा रुग्ण आहेत. दर दोन तासांनी म्हणजे बारा तासांच्या रात्रीत प्रत्येकाला सहा वेळा, एकूण साठ वेळा. नीट उचलून, उशा लावून वळवायला दोघं जणं आणि निदान पाच मिनिटं. झाले पाच तास, दोन माणसांचे. इंजेक्शनं, सलाईन, नव्या भरती, अत्यवस्थ रुग्ण यांतलं काहीच अजून मोजलेलं नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. रात्रपाळीत एकीवर अख्खा वॉर्ड असतो, हे आपल्या सरकारी रुग्णालयात सोबतीला बसलेल्या कुठल्याही नातेवाइकाला विचारा.

मग होतं काय? जो नियम पाळणं अशक्य असतं तो कागदावर पाळला जातो. पाळी संपताना रात्रभराचे रकाने एका दमात भरले जातात, दहाला डावी कूस, बाराला उताणं, दोनला उजवी. यात दोष त्या मुलीचा कमी आणि तिच्याकडून हे अपेक्षित धरणाऱ्यांचा जास्त. पण अशा तक्त्याचा उपयोग शून्य, खरं तर शून्याहून वाईट. कुणाची कूस सहा तास बदललेली नाही, हे त्यातून कधीच कळत नाही. सगळ्यांना समान वागणूक देणारा नियम प्रत्यक्षात ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याला वाऱ्यावर सोडतो. दहांपैकी तीन जणांना खरोखर दोन तासांची गरज आहे आणि चांगल्या गादीवरच्या सात जणांना चार तास चालतील, असं ठरवलं तर तेच साठ खेपांचं काम एकोणचाळीस खेपांवर येतं आणि त्या एकोणचाळीस खऱ्या असण्याची शक्यता कितीतरी वाढते. याला ढिलाई म्हणायचं असेल तर म्हणा. मला ही जास्त कडक शिस्त वाटते.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे परदेशी अभ्यास, आपल्याकडे फोम कुठे आहे? हा आक्षेप माझ्याच बाजूचा आहे. बेल्जियमच्याच अभ्यासात साध्या गादीवर मुदत तीन तासांवर नेली तेव्हा जखमा वाढलेल्या दिसल्या, सुमारे २४ टक्क्यांपर्यंत. म्हणून रेक्झिनच्या, मध्ये खड्डा पडलेल्या गादीवर वेळ वाढवा, असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. तिथे दोन तासही कदाचित जास्त होतील. पण याचा अर्थ असा की गादीची उणीव आपण परिचारिकेच्या पाठीच्या मणक्यांनी भरून काढतो आहोत, आणि वर त्याला शास्त्रीय नियम म्हणतो आहोत.

रुग्णाची बाजू तर या वादात फारशी कुणी मांडतच नाही. दोन तासांचा नियम म्हणजे रात्री कधीही सलग दोन तासांपेक्षा जास्त झोप नाही. आठवडाभर, महिनाभर. वृद्धांमध्ये झोपमोडीने गोंधळलेपण आणि भ्रम वाढतो. मोडलेल्या हाडाच्या, कॅन्सर हाडांत उतरलेल्या माणसाला प्रत्येक कूस म्हणजे यातना. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जैवनीतिशास्त्राच्या नियतकालिकात उघड प्रश्न विचारला की वृद्धाश्रमांतलं हे दर दोन तासांनी उठवणं ही सुरक्षितता आहे की वृद्धांचा छळ? शब्द बोचरे आहेत, पण प्रश्न रास्त आहे. शिवाय गरज पडली की वैद्यक स्वतःच हा नियम मोडतं. फुप्फुसं गंभीर निकामी झालेल्या रुग्णांना सलग सोळा तास किंवा अधिक पालथं ठेवल्याने मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर येतं, असं फ्रान्स-स्पेनमधल्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं. कोविडच्या काळात आपल्या अतिदक्षता विभागांत हेच केलं गेलं. गालावर, हनुवटीवर व्रण झाले, ते पत्करले गेले, कारण जीव वाचत होता. म्हणजे लाभ-हानीचा हिशेब करता येतो. तो अतिदक्षता विभागात डॉक्टरांनी केला की निर्णय, आणि वॉर्डात परिचारिकेने केला की कर्तव्यात कसूर, असं का?

राहिला तिसरा दावा. बहुतेक शय्याव्रण टाळता येतात, हे खरं. सगळे टाळता येत नाहीत, हेही तितकंच खरं. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०१० च्या मतैक्य परिषदेत ते मान्य केलं. रक्तदाब सावरत नाही म्हणून हलवणंच धोक्याचं असतं, शेवटच्या दिवसांत कातडीही इतर अवयवांसारखी निकामी होते. अशा वेळी घरी रात्रंदिवस झटलेल्या सुनेला किंवा मुलाला “तुम्ही नीट वळवलं नाही” असं म्हणणं निर्दय आहे. रुग्णालयांत तर या आरोपाचा उलटा परिणाम होतो. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांत शय्याव्रणांची संख्या गुणवत्तेचा निर्देशांक म्हणून नोंदवावी लागते. नोंद हवीच. पण जखम म्हणजे कारणे दाखवा नोटीस असेल, तर पहिल्या पायरीचा डाग कोण नोंदवेल? तो लपतो, आणि तिसऱ्या पायरीला उघडा पडतो.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. टर्निंग चार्टवर वेळेच्या रकान्याशेजारी त्वचेचा रकाना असावा: त्रिकास्थी, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, आणि मास्क-नळ्यांच्या खालची जागा, कशी दिसली, हाताला कशी लागली. पहिल्या दिवशी छोट्या मुदतीने सुरुवात करून, वळवल्यानंतर डाग जातो की राहतो हे पाहून प्रत्येकाची मुदत परिचारिकेने ठरवावी, आणि तो निर्णय तिचा म्हणून मानला जावा. कलतं ठेवणं ३० अंशांचं, वर सरकवणं ड्रॉशीटने दोघांनी, टाच अधांतरी, ओल ताबडतोब दूर. स्पिरिट, चोळणं आणि रबरी रिंग प्रात्यक्षिकांच्या वहीतून काढून टाकाव्यात. कोर्टाची भीती घालणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की बरोबरच्या बारा खुणांपेक्षा दिवसातून तीनदा पाहून लिहिलेली त्वचेची खरी अवस्था हा जास्त भक्कम पुरावा आहे.

आणि जखमांचा आकडा खाली यावा असं व्यवस्थापनाला मनापासून वाटत असेल, तर त्यांनी दर महिन्याला त्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे छापावेत: वॉर्डातल्या किती गाद्या दाब पसरवण्याच्या लायकीच्या आहेत, आणि रात्री किती रुग्णांमागे एक परिचारिका होती. हे दोन आकडे जो देत नाही, त्याला तिसऱ्याबद्दल कुणाला जाब विचारण्याचा अधिकार नाही.